पुढच्या दाराचं माप

हातात मोजायचा फीता आला की आमचे बाबा तरुण दिसायला लागतात. उभी हयात सरकारी खात्यात ओव्हरसियर म्हणून काढली. कालवे मोजले, पूल मोजले, आणि निवृत्तीनंतर मोजायला दुसरं काही उरलं नाही तेव्हा घर मोजायला लागले. नवा फ्रिज घ्यायचा म्हटलं तर आधी जिना मोजणार, मग दुकानात जाऊन फ्रिज मोजणार, आणि दुकानदाराने कंपनीचं छापील माप दाखवलंच तर त्याच्याकडे अशा नजरेने बघणार की त्या बिचाऱ्याचा कंपनीवरचा विश्वास उडावा. म्हणून आमच्या घराची दारं-खिडक्या स्टीलची करायची ठरली, तेव्हा मला सगळ्यात आधी मिस्त्रीची दया आली.

बदलणं भागच होतं. वाळवीने, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या बोलीत दीमकने, लाकडाच्या चौकटी आतून पोखरल्या होत्या. आईने पुढचं दार जरा जोरात ओढलं की वरून पिठासारखा भुसा तिच्या डोक्यावर पडायचा आणि ती दाराशीच भांडायला उभी राहायची. खिडक्यांचे पल्ले, म्हणजे झडपा, नीट लागत नव्हते. नया बाजारामागच्या आमच्या गल्लीत उन्हाळ्यात लू सुटली की फटींतून इतकी धूळ आत यायची, की संध्याकाळी कॉटवर बोटाने नाव लिहिता यावं.

पण खरं कारण धूळही नव्हती आणि दीमकही नव्हती. खरं कारण बाबा होते.

आदल्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी चार पायांचा वॉकर दिला आणि सांगितलं, आता जितकं चालाल तितकं बरं. बाबा घरात चालायला लागले, बैठकीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून बैठक. पण त्यांना जायचं होतं ते गल्लीच्या तोंडाशी. तिथे कचोरीवाल्याचं दुकान आहे, दुकानासमोर बाक आहे, आणि त्या बाकावर सकाळी त्यांच्यासारखेच चार-पाच निवृत्त लोक बसून देश चालवतात. बाबांची त्या बाकावरची जागा ठरलेली. पडण्याआधी एक सकाळ चुकवलेली मला आठवत नाही.

तिथवर जायला आड येत होता आमचा उंबरठा. चांगला चार बोटं उंच, लाल दगडाचा. वॉकर उचलून पलीकडे ठेवायचा, मग एक पाय उचलायचा, तेवढा वेळ सगळा भार दुसऱ्या पायावर, म्हणजे नेमका ऑपरेशनच्या पायावर. एकदा त्यांनी प्रयत्न केला आणि मी धावून धरलं नसतं तर पुन्हा दवाखाना ठरलेला होता. बाहेरची पायरी मी केव्हाच बुजवून तिथे सिमेंटचा उतार करून घेतला होता. तो उतार नुसताच पडून होता, त्यावर गल्लीतली मांजरं ऊन खात बसायची.

मी म्हणायचे, ‘बाबा, मी शाळेत जायच्या आधी तुम्हाला धरून बाहेर सोडते.’

‘आणि परत कोण आणेल? मी काय पार्सल आहे, कोणी सोडायचं न् कोणी उचलायचं?’

मग त्यांनी तो विषयच बंद केला. सकाळी कचोरीवाल्याच्या कढईचा वास गल्लीतून आत यायचा, तेव्हा ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे आणि पान उलटायचे नाहीत. ते मला बघवत नव्हतं. मी तशी तापट बाई आहे, शाळेत शिकवते, पोरं मला घाबरतात, पण त्या न उलटलेल्या पानापुढे माझं काही चालायचं नाही.

मिस्त्री किला गेटकडून आला. तिकडे त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. मध्यम वयाचा, बोलका माणूस, खिशात फीता आणि कानावर पेन्सिल. बाबांनी त्याला बसूही दिलं नाही. वॉकर ठोकत ते पुढे आणि तो मागे.

आधी खिडक्या झाल्या. बाबांनी रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यायला लावली, कारण ‘भिंत सरळ दिसते, असते कधीच नाही.’ तिन्हींतलं सगळ्यात लहान माप खरं धरायचं आणि त्यातूनही चहूबाजूंनी थोडी जागा सोडायची, नाहीतर चौकट भिंतीत शिरताना अडते आणि मग मिस्त्री हातोड्याने भिंत समजावतो. मग कर्ण. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यात. दोन्ही सारखे आले तरच खिडकी काटकोनात. आमची एकही खिडकी काटकोनात निघाली नाही. बाबांना त्याचा इतका आनंद झाला की मिस्त्रीला चहा मिळाला.

बैठकीच्या खिडकीत कूलर बसतो. त्याचं तोंड मोजायचं राहिलं असतं तर ऐन मे महिन्यात आम्ही उकडून निघालो असतो. ते आईला सुचलं. ती स्वयंपाकघरातूनच ओरडली, ‘कूलर बघून घ्या हं! मागच्या बारी जाळी लावली न तेव्हा सगळे विसरून गेले होते!’

‘अम्मा जी को सब याद रहता है,’ मिस्त्री म्हणाला.

मग सगळी वरात पुढच्या दाराशी आली. रुंदी घेताना बाबांनी स्वतःलाच माप म्हणून वापरलं. वॉकर नुसता जाऊन भागत नाही, धरणाऱ्याची कोपरं बाहेर येतात. ती भिंतीला घासली की हात सुटतो. शिवाय चौकटीची जाडी दोन्हीकडून जागा खाते आणि उघडलेला पल्लाही थोडी खातो. म्हणून भिंतीतली जागा किती हे महत्त्वाचं नाही, माणसाला मिळते किती ते महत्त्वाचं. बाबा कोपरं पसरून दारात उभे राहिले आणि मिस्त्रीने त्यांच्याभोवती फीता धरला. शिंप्याकडे उभं राहिल्यासारखे दिसत होते. मिस्त्रीने दोन्ही बाजूंनी भिंत थोडी छाटायचं कबूल केलं.

राहिली उंची. मिस्त्रीने फीत्याचं टोक वरच्या पटियाला, दारावरच्या दगडी फळीला, लावलं, खाली ओढत आणलं आणि दगडावर टेकवणार, तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली.

‘अरे रे रे! भैया, पूजा हुई है! हात मत लगाना!’

उंबरठ्यावर सकाळचं हळदकुंकू होतं, समोर फरशीवर रांगोळी. आई लग्न होऊन या घरात आल्यापासून एक दिवस हे चुकलेलं नाही. या दगडावर तिने तांदळाचं माप लवंडलं आणि आत आली. तेव्हापासून त्यावर कुणी पाय ठेवलेला तिला चालत नाही, बसलेलं तर मुळीच नाही. लहानपणी मी दुपारी गार दगड म्हणून तिथे बसायचे तेव्हा पाठीत धपाटा ठरलेला. पाहुणे असोत, पोस्टमन असो, आई आधी ‘उंबऱ्यावर नको’ म्हणणार, मग या बसा. मिस्त्रीने चटका बसल्यासारखा फीता वर घेतला आणि हळदकुंकवाच्या वर अधांतरी धरला.

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हटलं, ‘आई, मी काय म्हणते, नवी चौकट तीन बाजूंचीच येणार आहे. वर एक, बाजूला दोन. खाली काही नसतं. तर हा दगड काढूनच टाकू या न. चौकट सरळ फरशीवर उभी राहील. बाबांना बाहेर जाता येईल.’

आईचा चेहरा असा झाला की मी देवघर रस्त्यावर मांडायला सांगितलं असावं.

‘उंबरठा काढायचा? बिन उंबऱ्याचं घर? ते काय घर आहे की दुकान? लक्ष्मी कुठून यायची, कुठे थांबायची, काही आहे की नाही? माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मला काय म्हणून गेल्या, ठाऊक आहे? मी जिवंत आहे तोवर हा दगड हलणार नाही.’

‘आणि बाबा?’

मी बाबांकडे वळले. मला वाटलं, आता तरी ते म्हणतील, हो, मला जायचंय. पण बाबा खाली बघत होते. मग म्हणाले, ‘असू दे गं. तिचा उंबरठा आहे. मला आता कुठे जायचंय? भैया, दगडाच्या वरून लिहा. पूजेच्या वर फीता धरलाय न, तेवढं अर्धं बोट मिळवून घ्या.’

मी त्या दोघांवर भयंकर चिडले. एकाला जायचंय आणि तो म्हणतो नको. दुसरीला दिसतंय आणि ती म्हणते लक्ष्मी. संध्याकाळी मी आईशी बोलले नाही. रात्रीची पोळी मुकाट्याने खाल्ली. आईही मुकाट होती. तिचं हे मुकाट असणं मला हट्टाचं वाटलं आणि मी आणखीनच फुगून बसले.

दिवस गेले. मिस्त्री फोनवर ‘बस दीदी, रंग हो रहा है’ म्हणत राहिला. मी बाबांची समजूत घालायचा एक-दोनदा प्रयत्न केला. त्यांनी मला कालव्याच्या गोष्टी सांगितल्या.

शेवटी एका रविवारी टेम्पो आला. खिडक्या अशा बसल्या की बाबांनी प्रत्येकीवर हात फिरवला. कूलर नव्या खिडकीत आपलं तोंड घालून निमूट बसला. दुपारपर्यंत पुढचं जुनं दारही निघालं. चौकट ओढली तेव्हा तिची नुसती साल हातात आली, आत काही नव्हतंच. मग मिस्त्रीने आणि त्याच्या माणसाने नवी चौकट उचलली, उभी केली आणि दगडावर टेकवून वर सरकवायला गेले. ती जाईना. वरच्या पटियाला अडली. तिरपी केली, पुन्हा सरळ केली. चांगली तीन बोटं जास्त उंच होती.

‘हे काय?’ मी ओरडले.

आई माझ्याही आधी पोचली होती. ‘कैसा नाप लिया भैया तुमने? सब के सामने लिया था! इतना बड़ा घोटाळा? खिडकी बरोबर आणि दार चूक? अब क्या करें हम, बिना दरवाज़े के बैठें?’

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं. ‘गलती हो गई अम्मा जी,’ एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, चौकटीचे पाय कापा. तो म्हणाला, चौकट कापता येईल, पल्ल्याचं काय? पल्ला बंद पत्र्याचा, आत कुलपाची पेटी, कड्या, सगळं बसवलेलं. तो कापला की गेला. नवा करायचा तर पुन्हा तेवढेच दिवस, आणि तोवर पुढच्या दाराच्या जागी नुसतं भोक. जुन्या दाराचा भुसा झालेला. घर गल्लीला उघडं.

मग आई पदर खोचत म्हणाली, ‘काढा मग तो दगड. दुसरं काय करणार? या माणसाच्या चुकीपायी घराचा उंबरा जायची पाळी आली.’ आणि आत निघून गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज यायला लागला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझा स्वभावच असा की आधी राग येतो. आईला असं, एका माणसाच्या निष्काळजीपणाने, हरावं लागलं, हे मला आवडलं नाही. हरवायचं तर मी हरवलं असतं. मी मिस्त्रीच्या मागे टेम्पोपाशी गेले आणि त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो ऐकत होता. मग त्याने दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली घेतला.

‘दीदी, चिल्लाओ मत. नाप गलत नहीं है.’

‘म्हणजे?’

‘अम्मा जी ने फिर से बुलाया था. आप स्कूल में थीं, बाबू जी सो रहे थे. बोलीं, फ़र्श से नाप ले. मैंने कहा, अम्मा, पूजा है. तो उन्होंने रंगोली अपने हाथ से पोंछ दी. घुटने मुड़ते नहीं थे उनके, तो देहरी पर ही बैठ गईं. बैठकर फीता ख़ुद पकड़ा, ज़मीन से लगाकर. और बोलीं, किसी से कहना मत, बाबू जी को पता चला तो हटाने नहीं देंगे. गलती तू अपने सिर ले लेना.’

मी टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर आई उंबरठ्यावर बसलेली येईना. मी तिला तिथे कधी बसलेलं पाहिलंच नव्हतं, अख्ख्या आयुष्यात. भर दुपारी, घरात सगळं सामसूम असताना, रांगोळी पुसलेला हात तसाच, ती त्या दगडावर टेकली असणार आणि फीत्याचं टोक अंगठ्याने फरशीवर दाबून धरलं असणार. मला रडू आलं. मिस्त्री दुसरीकडे बघायला लागला.

मी परत आले तेव्हा दगड निघत होता. आई कुठे दिसत नव्हती. बाबा खुर्चीवर बसून सगळं बघत होते. खाली सिमेंट सारखं केलं, चौकट पुन्हा उभी केली. ती सरळ फरशीवर बसली, वर बरोबर बोटभर फट राहिली, सिमेंटचा मसाला भरायला लागते तेवढीच. बाबांनी फीता मागितला. वॉकरला धरून उठले, मला टोक धरायला लावलं, वरून खाली मोजलं, डावीकडे, मग उजवीकडे. मग कर्ण. फीता गुंडाळून त्यांनी खिशात ठेवला आणि बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिले.

‘चुकून इतकं बरोबर माप येत नसतं,’ ते हळूच म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मिस्त्रीवर गरजले, ‘क्या भैया, उमर निकल गई नापते-नापते और हमारे ही दरवाज़े में गलती? अम्मा की देहरी उखड़वा दी तुमने!’

मिस्त्रीने दिवसभरात तिसऱ्यांदा मान खाली घातली. या खेपेला तो हसू दाबत होता.

सिमेंट वाळल्यावर, एका सकाळी, बाबांनी धुतलेला सदरा घातला. मी शाळेची पिशवी घेऊन उगाच रेंगाळत होते. आई ओट्याशी पाठमोरी कणीक मळत होती, ती कधीच मळून झाली होती. बाबांनी दार उघडलं. नवा पल्ला आवाज न करता भिंतीला लागला. त्यांनी वॉकर पुढे सरकवला, उचलला नाही, नुसता सरकवला. कोपरं कुठे घासली नाहीत. उतारावरची मांजरं उठून गेली. बाबा गल्लीत उतरले, एकटे, आणि कचोरीवाल्याच्या दिशेने निघाले.

आई कणकेच्या हातानेच दारापर्यंत आली. बाबांनी मागे न बघता एक हात वर केला.

‘दोन्ही हाताने धरा!’ ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. ‘हात सोडायची काय गरज आहे?’

ते वळणाशी पोचले. बाकावरून कुणीतरी मोठ्याने हाक मारली, आणखी दोघं उठून पुढे आले, आणि बाबा त्यांच्यात दिसेनासे झाले. आई तरी तिथेच उभी होती. माझी शाळेची वेळ टळून चालली होती, पण मला तिला एकटं सोडवेना. मला तिला मिठी मारायची होती. सगळं ठाऊक आहे म्हणून सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर तिने इतक्या जपून केलेली चूक मी वाया घालवली असती.

‘ऐक,’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली. ‘त्या मिस्त्रीला रविवारी जेवायला बोलवून घे. आमरस करू. मी त्याला जरा जास्तच बोलून गेले.’

‘बोलावते,’ मी म्हटलं.